चार हिसके

नांदुऱ्याहून वडनेरला निघालेल्या काळीपिवळीत चारुलता मधल्या सीटवर अंग चोरून बसली होती, आणि शेजारच्या बाईच्या पिशवीचा बंद कधीतरी तिच्या मनगटात अडकला होता. बाईचं गाव आलं. तिने पिशवी ओढली. एकदा, दोनदा, मग जरा जोरात, मग आणखी जोरात. चारुलता खिडकीतून हरभऱ्याच्या वावराकडे बघत होती. तिने बघता बघताच हात किंचित मागे घेतला आणि तो बंद एकदा, हलकेच, आपल्याकडे ओढला. "अवं बाई, सोड ना व," बाई म्हणाली, "काय उलटी ओढून राह्यली?" मागच्या सीटवरचे दोघे हसले, ड्रायव्हरही आरशात बघून हसला. चारुलताने मनगट सोडवून दिलं, बाई उतरली, गाडी सुटली. एवढंच झालं. पण गाव येईपर्यंत तिने तो हात मांडीखाली दाबून ठेवला, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा होता आणि पुन्हा काहीतरी करून बसला असता.

बावीस दिवसांपूर्वी त्या हाताने हेच केलं होतं. गोव्याच्या किनाऱ्यापासून साठ मैल आत, पाण्याखाली पंधरा मीटरवर. चारुलता जेलीफिशचा अभ्यास करते हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि तो बोटीवर बसून का होत नाही हे कोणालाच कळत नव्हतं. ती दर वेळी सांगे, की बाबा रे, हे जीव पाण्याचेच झालेले असतात, जाळं लावलं की त्यांचा चिखल होतो. सहा वर्षं तिने बरणीतल्या औषधी पाण्यात तुकडेच पाहिले होते. अख्खा जीव पाहिजे असेल तर आपणच पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं, झाकण उघडलेली बरणी हळूच त्याच्याभोवती न्यायची आणि त्याच्या पाण्यासकट त्याला आत घ्यायचं. अडचण एवढीच, की भर समुद्रात तळ नसतो. म्हणजे असतो, दोन हजार मीटर खाली. वर निळं, खाली निळं, चारी बाजूंनी तेच निळं. भिंत नाही, वाळू नाही, नजर टेकायला काही म्हणून नाही. दहा मिनिटांत माणसाला वर कुठे आणि खाली कुठे ते समजेनासं होतं, मग आपल्या तोंडातून सुटलेले बुडबुडे कुठल्या दिशेला जातात ते बघायचं, ते वर. म्हणून वरच्या तरंगणाऱ्या पिंपाला एक जाड दोर बांधून खाली सोडतात आणि त्या दोरावर मधोमध एक माणूस थांबतो. त्याच्या हातातल्या कडीतून चार बारीक दोऱ्या निघतात, दहा-दहा मीटरच्या. प्रत्येक दोरीच्या टोकाला बरणी घेतलेला एकेक जण. मध्यावरच्या माणसाने जेलीफिश बघायचे नसतात. त्याने माणसं बघायची. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. दोरीला एक हिसका दिला म्हणजे, ठीक ना? उलट एक आला म्हणजे, ठीक. चार हिसके आले म्हणजे, मला वर घेऊन चल. मग मध्यावरच्याने उलट चार द्यायचे, सगळ्यांना गोळा करायचं आणि सगळ्यांनी मिळून, सावकाश, थांबत थांबत वर यायचं. मध्यावर कोणी थांबायचं याच्या पाळ्या होत्या. त्या दिवशी पाळी चारुलताची होती.

वेशीजवळ उतरली तर मांडव दिसला. सप्ता बसून तीन दिवस झाले होते. भोंग्यातून टाळांचा आवाज येत होता, आणि तो ऐकला की लहानपणापासून तिच्या पायांना जे व्हायचं ते आत्ताही झालं, चाल आपोआप सावरली. चिंतामण, तिचे वडील, ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. पोस्टातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, बायको जाऊन चार. तेव्हापासून स्वयंपाक तेच करत आणि तो चारूच्या आईपेक्षा बरा जमतो असं तिच्या फोटोकडे बघून म्हणत.

"वाळून गेली व तू," ते म्हणाले. "खारं पानी बाधते का तुले?"

"खारं पाणी पीत नाही बाबा मी."

"पीत नसशीन, पन राह्यते त त्याच्यातच ना." त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "उद्या दुपारचा वीनेचा पहारा आपल्या घरचा आहे. हा गुडघा मले उभं राहू देत नाही. तू उभी राह्यशीन का? बारा ते दोन. दुपारच्या पहाऱ्याले बायाच असतेत आता."

"राहीन."

"जेवून घेजो आंधी. उपाशीपोटी वीना जड लागते."

तिला शुक्रवारपर्यंत एक कागद लिहून पाठवायचा होता हे तिने सांगितलं नाही. लॅपटॉपमध्ये तो उघडा होता, वर तिचं नाव, तारीख, बुडीचा क्रमांक, आणि खाली रिकामं. आज मंगळवार.

त्या वर्षी कीर्तन संध्याकाळी पाचला ठेवलं होतं, कारण शेतातली विजेची लाईन रात्रीची येत होती आणि गव्हाला पाणी द्यायला माणसं रात्री वावरात लागत. काही जुनी मंडळी कुरकुरली, पण चारूला वाटलं, उजेडातलं कीर्तन काही निराळंच. टाळकऱ्यांच्या कपाळावरचा बुक्का दिसतो, मृदंग्याच्या बोटांवरची कणीक दिसते, महाराज श्वास कुठे घेतात तेही दिसतं. भगवंतराव महाराज हिवरा आश्रमाकडचे. अंगाने काटकुळे, आवाज मात्र असा की पहिल्या सुरातच मांडवातली कुजबुज बसून जावी, धुरळ्यावर पाणी शिंपडल्यासारखी. त्यांची एक रीत होती. अभंगाचं चरण घ्यायचं, टाळकऱ्यांकडे टाकायचं, ते परत येईपर्यंत समोरच्या एखाद्या माणसाकडे बघून हसायचं, आणि मग त्याच माणसावरून दृष्टांत सुरू करायचा. माणूस लाजून चूर होई आणि जन्मभर ते कीर्तन विसरत नसे. चारूने लहानपणी किती कीर्तनं अशी ऐकली असतील, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, अर्थ कळायच्या आधी चाल कळायची आणि चाल कळायच्या आधी झोप. पाण्याखाली पहिल्यांदा गेली तेव्हा तिला मांडवच आठवला होता. तसंच अंगभर भरून येणं, तसंच आपण फार मोठ्या कशाच्या तरी आत असणं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. संशोधनाच्या अहवालात असल्या गोष्टींना जागा नसते.

महाराजांनी चरण टाकलं आणि तिच्याकडे बघून हसले.

"चिंतामणदादाची लेक आलीय," ते म्हणाले. "ही समुद्रात जाती. कशाला जाती? तर म्हणे एक जीव हाय. त्याला हाड नाही, डोकं नाही, रगत नाही." थांबले. "तसे जीव आपल्या तालुक्यातबी हायेत, पण ते निवडणुकीला उभे राहतेत." मांडव हसला. "हसू नका. ऐका. ही पाण्यात मधी थांबती. आजूबाजूला देवानं काय काय पसरून ठेवलंय, एवढाले दिवे लागल्यासारखं, आणि ही तिकडं बघत नाही. चार माणसांच्या दोऱ्या हिच्या बोटाला. कोण कुठं हाय, कोणाचा श्वास कसा हाय, एवढंच बघती. तिकडं दोरी हलली की इकडं हिला कळलं. आपुन नाम घेतो तवा लक्ष असं लागतं का हो आपलं?" कचरू टाळकरी मान डोलवत टाळ जोडून उभा होता. सगळा मांडव वळून तिच्याकडे बघत होता. बायांतून कोणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पुरुषांच्या बाजूला चिंतामण खाली मान घालून बसले होते, आणि खाली मान घालून ते किती खूश झालेत हे तिला त्यांच्या टोपीवरूनच कळत होतं. हे सगळं त्यांनीच महाराजांना सकाळी सांगितलं असणार. तिने सतरंजीच्या निळ्या पट्टीकडे बघितलं आणि महाराज पुढच्या चरणावर जाईपर्यंत तिथेच बघत राहिली.

त्या दिवशी पाण्याखाली तिच्यासमोर जी आली होती ती साखळी होती. जेलीफिशच्या नात्यातली, पण एक जीव नव्हे. शेकडो जीव एकमेकांना लागून झालेली माळ, त्यातला एक नुसता पोहतो, एक नुसता खातो, एक नुसती पिल्लं सोडतो, आणि सुटा कोणीच जगत नाही. तिच्या प्रबंधातली दोनशे पानं हिच्यावर होती आणि जिवंत ती तिने कधी पाहिली नव्हती. डावीकडून आली. सात-आठ हात लांब, काचेची, नवरीच्या मुंडावळ्या वाऱ्यावर हलाव्यात तशी प्रत्येक लडीने हलत, आणि टोकाला पोहणारे मणी एकामागून एक मिटत-उघडत. चारुलता बघत राहिली. किती वेळ ते मनगटावरच्या यंत्रात नोंदलं जात नाही. त्या वेळात तिसरी दोरी हलली. चार हिसके. ते तिने मोजले. ह्याच जागी ती पुन्हा पुन्हा येऊन अडत होती. दोरी कळली नाही, असं झालंच नव्हतं. एक, दोन, तीन, चार असं कोणीतरी तिच्या आत स्वच्छ मोजलं, आणि हाताने उलट एक दिला. ठीक. जसं फोनवर बोलताना मागून कोणी म्हणतं दूध उतू चाललंय आणि आपण हो हो म्हणतो, आणि दूध उतू जातं.

तिसऱ्या दोरीवर हर्षल होता, अलिबागचा, चमूत सगळ्यांत धाकटा. त्याच्या तोंडातल्या नळीतून हवेबरोबर पाणी येऊ लागलं होतं. त्याने मदत मागितली आणि उत्तर आलं, ठीक. मग त्याने दोरीची कडी सोडली आणि अर्ध्या मिनिटात थेट वर गेला. त्या दिवसाची तिसरी बुडी होती, अंगात वायू साठलेला, आणि झपाट्याने वर आलं की त्याचे आतच बुडबुडे होतात. बोटीवर येईपर्यंत खांदा दुखू लागला, किनाऱ्यावर नेऊन दाबाच्या खोलीत सहा तास ठेवला. वाचला. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी बधिर राहिली. येतील हळूहळू, डॉक्टर म्हणाले, किंवा नाही येणार. बोटीवरच समता मॅडमनी, चमूच्या प्रमुख होत्या त्या, ओल्या कपड्यांतल्या चारूला विचारलं होतं, "सिग्नल आला होता?" आणि तिने दातावर दात आपटत म्हटलं होतं, "नाही." हर्षलला विचारलं तर तो म्हणाला, ओढलं असं वाटतंय, नक्की नाही सांगता येत. शुक्रवारी बैठक होती. विचारल्याशिवाय दोरी सोडणाऱ्या माणसाला पुन्हा पाण्यात घेत नाहीत, हा नियम. आणि मध्यावर थांबून माणसांकडे न बघणाऱ्यालाही पुन्हा पाण्यात घेत नाहीत, तोही नियमच. दोघांपैकी एकाचा समुद्र संपणार होता, आणि कोणाचा, ते तिच्या एका ओळीवर होतं.

"बाबा," घरी भाकरी मोडताना ती म्हणाली, "महाराज बोलले ते खरं नाही."

"कीर्तनात थोडं वाढवतेतच."

"वाढवलं नाही. उलटं झालं होतं." आणि तिने सांगितलं. चिंतामण जेवत ऐकत होते. भाजी वाढायची असली की बोटाने तिला थांबवत, वाढत, पुन्हा ऐकत. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगा कसा आहे?"

"दोन बोटं बधिर आहेत."

"कोन्या हाताची?"

"उजव्या."

"लिहिते त्याच का?"

"त्याच."

त्यांनी पाणी प्यायलं. मग म्हणाले, "त्याले माहीत आहे का, त्यानं ओढलं होतं म्हनून?"

"नाही. ओढलं असं वाटतं म्हणतो, पण खात्री नाही त्याला."

"म्हंजे त्याच्या बोटायनं गडबड केली का डोक्यानं, हेच त्याले समजून नाही राह्यलं." चिंतामणनी ताट सारलं. "पोस्टात एकदा माझ्याकून एका मानसाची तार द्याची राह्यली होती. तीन दिवस. तो मानूस मलेच इचारे, साहेब, माह्या भावानं तार केलीच नसन का. मी म्हनलं, नसन केली. मंग ती तार मी देलीच नाही." ते उठले, मोरीवर हात धुऊ लागले आणि पाठ तिकडे असतानाच म्हणाले, "त्याचं भावाशी बोलनं बंद झालं. मंग मी कधी सांगतलं नाही. तुह्या आईलेही नाही." टॉवेलला हात पुसत परत आले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. "मोबाईल घरी ठेवजो उद्या. पहाऱ्यात वाजते."

दुसऱ्या दिवशी बाराला मांडव रिकामा होता. पारायणाला बसणारे जेवायला गेले होते, मागच्या बाजूला पंगतीच्या भांड्यांचा आवाज. तानुबाई वीणा गळ्यात घालून उभी होती, सत्तरीची, अनवाणी, तोंडाने पुटपुट चालू. वीणा सात दिवस भुईला टेकत नाही, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. दोघींनी एकमेकींच्या पायांना हात लावला, तानुबाईने वीणा तिच्या गळ्यात घातली आणि पट्टा नीट केला.

"बोट सारखं फिरू दे तारेवर. नाव घे. आन टेकवू नको. दोन वर्साआंधी सरपंचाच्या सुनेनं टेकवली आन चहा प्याली."

"मग?"

"मंग काय. तिनंच सांगतलं. आम्हाले कोनाले माहीतही नोतं. नसतं सांगतलं त चालून जात होतं ना व, पन सांगतलं, येडीनं." तानुबाई चप्पल शोधत होती. "तवापासून तिले वीना देत नाही कोनी. पंगतीच्या पोया लाटते आता. चांगल्या लाटते."

आणि ती गेली.

सुरुवातीला सोपं गेलं. तारेवर बोट, रामकृष्णहरी, बोट, रामकृष्णहरी. समोर पांडुरंगाची तसबीर, हार ताजा, उदबत्तीची राख वाकून पडायच्या बेतात. मग टाचा दुखू लागल्या. मग वजन टाचांवरून पोटऱ्यांत गेलं, पोटऱ्यांतून कमरेत. एक शेळी मांडवात आली, तुळशीच्या हाराकडे बघून विचार करून गेली. चारुलताला वाटलं, पाण्याखाली वजन नसतं, तिथे थांबणं किती सोपं असतं, आणि तरी. कधीतरी मध्येच तिला कळलं की आपण बराच वेळ साखळीच पाहतो आहोत. ते मणी मिटत होते, उघडत होते. दचकून तिने तारेकडे पाहिलं. बोट फिरत होतं. ओठही हलत होते. ती नसतानाही सगळं व्यवस्थित चाललं होतं, कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं काय लक्ष लागलंय पोरीचं. तिने पुन्हा मन आणून बोटावर ठेवलं. ते राहिलं, मग गेलं, मग तिने पुन्हा आणलं. पहिल्या तासात हे किती वेळा झालं याची गणती नव्हती. त्यात तिला लाज वाटली नाही, हे तिला नवल वाटलं. मन जाणारच. मोठमोठ्या महाराजांचं जातं, भगवंतराव स्वतः सांगतात की माझं मन कीर्तनात शिऱ्यावर जातं. इतके दिवस ती जाऊन जाऊन त्या बघण्यापाशी बसत होती, मी का बघितलं, कसं बघितलं, आणि त्याची शिक्षा स्वतःला देता देता तिला एक प्रकारचं बरंही वाटत होतं. बघितलं ते बघितलं. इतकं सुंदर होतं, कोणीही बघितलं असतं. पण बोटीवर, वर, हवेत, दोन्ही डोळे उघडे असताना ती नाही म्हणाली होती, आणि तेव्हा मन कुठेही गेलेलं नव्हतं. तेव्हा ती पूर्ण तिथे होती.

तिने तसबिरीकडे पाहिलं. क्षमा मागावी असं मनात आलं, आणि मग वाटलं, ह्याच्याकडे मागून काय उपयोग, त्याचं काही घेतलेलं नाही. ज्याचं घेतलं तो अलिबागला बसून आठवतोय. ती नुसती उभी राहिली. त्यानंतरचा तास लांब होता, पाय भरून आले, मानेवर पट्टा रुतला, आणि ती एकेक नाव घेत तो पार करत गेली. दोनला रुख्मिणी नावाची एक पोरगेलीशी सून आली, घाबरलेली, पहिलाच पहारा. चारूने वाकून तिच्या पायांना हात लावला, तीही वाकली, दोघींची डोकी आपटली, रुख्मिणी हसली. वीणा गळ्यातून गळ्यात गेली.

घरी चिंतामण आडवे पडले होते. ती ओट्यावर बसली. पायांना मुंग्या येत होत्या. तिने हर्षलला फोन लावला.

"बोल ना," तो म्हणाला. "रबरी चेंडू दाबत बसलोय. रोज दोनशे वेळा. आई बाजूला बसून मोजते, मध्येच सिरीयल लागली की चुकते."

"हर्षल, तू चार वेळा ओढलं होतंस."

तिकडे चेंडू खाली पडल्याचा आवाज आला.

"चार वेळा," ती म्हणाली. "मी मोजलं होतं. मी साखळी बघत होते आणि मी उलट एक दिला. समता मॅडमना मी नाही म्हणाले ते खोटं होतं."

"तुला नक्की आठवतं?"

"नक्की."

"चारही?"

"चौथा सगळ्यांत जोरात होता."

त्याने श्वास सोडला, लांब, आणि मग पुन्हा एक घेतला. "म्हणजे हात चालला होता," तो म्हणाला. "मी रोज आठवतोय ग. मला वाटायला लागलं होतं की मी नुसतंच मनात ओढलं. आईलासुद्धा सांगितलं मी, की मी घाबरट निघालो."

सॉरी हा शब्द तिच्या तोंडात होता, पण तो फार लहान वाटला आणि तरी तो तिने म्हटला.

"आज लिहून पाठवते मी मॅडमना," ती म्हणाली.

"तुला बाहेर काढतील."

"हो."

"पाठव." मागे त्याची आई काहीतरी विचारत होती. "चारू, मी तुझ्यावर चिडणार आहे. आत्ता नाही जमत. उद्या-परवा करेन फोन."

"कर," ती म्हणाली. "मी उचलीन."

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. रिकाम्या जागेत लिहिलं, की तिसऱ्या दोरीवरून चार हिसके आले, मी ते मोजले आणि चुकीचं उत्तर दिलं, आणि बोटीवर विचारल्यावर खोटं सांगितलं. हर्षलने नियमाप्रमाणे आधी मदत मागितली होती. मग साखळीची लांबी, रंग, खोली, वेळ, ती कोणत्या दिशेने आली आणि कोणत्या दिशेला गेली, हेही लिहिलं, कारण तेही खरं होतं आणि ते पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं.

"काय करून राह्यली व?" चिंतामणनी आतून विचारलं.

"लिहून राह्यली, बाबा."

"लिही," ते म्हणाले, आणि कूस बदलल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने, ती शेवटची ओळ वाचत असताना, ते पुन्हा म्हणाले, "त्या तारवाल्या मानसाचा भाऊ मलकापूरले राह्यते. अजून आहे तो. शनवारी काला झाला का मले घेऊन चालशीन का?"